*वराहपालन सल्ला : सोया पेंडीचे जादा प्रथिन मुतात जाते*



पिल्लू 15 किलोचे असो की डूक्कर 80 किलोचे, बऱ्याच शेडवर खाद्य एकच. पिल्लाला ते ठीक, पण मोठ्याला त्यात प्रथिने जास्त होतात. जादा प्रथिनाचे मांस बनत नाही, त्यातला नत्र मुतावाटे बाहेर पडतो. शेडमध्ये डोळे चुरचुरतात तो अमोनिया हाच. त्याच नत्राचा थोडा भाग शेणखताच्या ढिगात नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, आणि हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट उष्णता धरतो. म्हणजे पेंड विकत घेऊन आपण वास आणि तापमान दोन्ही वाढवतोय.

मका-सोया खाद्य देणाऱ्यांसाठी बदल सोपा आहे. 100 किलो खाद्यात 25 किलो सोया पेंड घालत असाल, तर *50 किलोवरच्या डुकरांसाठी* ती 20 किलो करा. कमी केलेल्या 5 किलोच्या जागी मका भरडा 4 किलो 850 ग्रॅम आणि लायसिन (एल-लायसिन एचसीएल पावडर) 150 ग्रॅम. मक्यात लायसिन कमी असते, ते या पावडरीने भरून निघते. खाद्यातली प्रथिने साधारण 18 वरून 16 टक्क्यांवर येतात. प्रथिन 1 टक्क्याने उतरले की बाहेर पडणारा नत्र 8 ते 10 टक्के घटतो.

पावडर आधी 2 किलो भरड्यात नीट कालवा, मगच सगळ्यात मिसळा. थेट टाकली तर एकाला ढीगभर, दुसऱ्याला काहीच नाही. 150 ग्रॅमच्या वर जाऊ नका. त्यापुढे पेंड कमी केली तर दुसरी अमिनो आम्ले कमी पडतात आणि वाढ खुंटते. लहान पिल्ले, गाभण व दूध पाजणाऱ्या माद्या यांचे खाद्य आहे तसेच ठेवा.

काटा नसेल तर टेप घ्या. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले कानामागून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी (सेंमी), भागिले 14,400. घेर 84, लांबी 104 आली तर डूक्कर साधारण 51 किलोचे.

हॉटेलच्या उरल्यासुरल्यावर डुकरे पाळणाऱ्यांना हे गणित लागू नाही, कारण त्यातले प्रथिन रोज बदलते. त्यांनी खरकटे उकळूनच घालावे, स्वाइन फीवरला औषध नाही. उरलेले गटारात ढकलू नका. तिथे कुजून त्याचा मिथेन होतो.

पेंड कमी करण्याआधी 4-5 डुकरांचे माप लिहून ठेवा, 3 आठवड्यांनी पुन्हा घ्या. दोन्ही आकडे ग्रुपवर टाका. वाढ मंदावलेली दिसली तर पेंड पूर्ववत करून आम्हाला फोन करा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी