जुना संगणक : दुसरा पडदा

इ. स. १७५८ पासून १७८७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथून छत्तीसगडचा कारभार पाहिला. त्या काळी मराठी दप्तराचे कागद मोडी लिपीत लिहिले जात. आज रायपूर येथील एखाद्या अभ्यासकाने अशा कागदाच्या छायाचित्रावरून बाळबोध प्रत करावयास घेतली, तर मूळ कागद व नवी प्रत ही दोन्ही एकाच वेळी त्याच्या दृष्टीसमोर असावी लागतात. एका पडद्यावर दोन्ही मांडल्यास अक्षरे बारीक होतात; आलटून पालटून पाहिल्यास ओळ चुकते. अशा वेळी घरात पडून असलेला जुना संगणक दुसऱ्या पडद्याचे काम करू शकतो. ते कसे, हे आता पाहू.

नेहमीचा पडदा तारेने जोडता येतो. बहुतेक संगणकांना मात्र तारेतून चित्र बाहेर धाडता येते, आत घेता येत नाही. म्हणून दोन संगणकांमधील चित्र नेटवर्कमधूनच न्यावे लागते. येथे एक अडचण उभी राहते. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट धरले आणि चित्र सेकंदाला ६० वेळा पाठविले, तर सेकंदाला सुमारे ३०० कोटी बिट होतात. घरगुती नेटवर्कची तार सामान्यतः १० कोटी किंवा १०० कोटी बिटच वाहून नेते.

या अडचणीवर दोन मार्ग निघाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९८४ साली सुरू झालेल्या ‘एक्स विंडो’ पद्धतीत चित्राऐवजी ते रेखाटण्याच्या आज्ञा पाठविता येतात. इंग्लंडमधील केंब्रिज येथील संशोधकांनी १९९८ साली मांडलेल्या ‘व्हीएनसी’ पद्धतीत पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढाच पाठविला जातो.

दुसऱ्या मार्गाने जावयाचे असल्यास प्रथम मुख्य संगणकावर एक काल्पनिक पडदा निर्माण करावा, आणि व्हीएनसीने केवळ तोच भाग जुन्या संगणकावर दाखवावा. काल्पनिक पडदा न करता जोडणी केल्यास पहिल्याच पडद्याची नक्कल उमटते. जागा वाढत नाही.

मोडी कागदाचे छायाचित्र स्थिर असते. ते एकदा पोहोचले की पुढे फारसे काही पाठवावे लागत नाही. चलच्चित्रात मात्र प्रत्येक क्षणी सर्व ठिपके बदलतात. म्हणून ते अडखळते. थोडक्यात, ही योजना वाचनाला उपयुक्त, चित्रपटाला नव्हे.

एक सावधगिरी आवश्यक आहे. मूळ व्हीएनसीत पडद्यावरील मजकूर सांकेतिक रूपात न बदलता जातो. म्हणून ती घरच्या नेटवर्कपुरतीच वापरावी. एवढी काळजी घेतल्यास, स्वतः फारसे गणित करण्यास असमर्थ झालेले यंत्रही एक पान शांतपणे समोर धरून ठेवण्याचे काम अनेक वर्षे करू शकते.