तक्त्यातल्या आकड्यांविषयी

वरोरा

चि. मनीषा,

कुष्ठरुग्णांच्या नोंदींचा तुझा तक्ता पाहिला. मेहनत दिसते. पण शेवटी तू सरसकट सगळ्या रकान्यांची सरासरी काढलीस, ते मला पटलं नाही. संगणकाला सगळे आकडे सारखेच. तुला ते सारखे मानून चालणार नाही.

तालुक्याला दिलेला १ किंवा २ हे नुसतं नाव. वय, उपचाराचे महिने यांना खरं शून्य असतं, तिथे खुशाल सरासरी काढ. आपल्याकडचे मे महिन्यातले ४६ अंश मात्र २३ अंशांच्या दुप्पट उष्णता नव्हे, कारण सेल्सिअसचं शून्य पाणी गोठण्यावरून ठरवलेलं. नामदर्शक, क्रमदर्शक, अंतराल आणि गुणोत्तर या चार मापनश्रेणी स्टीव्हन्स यांनी १९४६ साली मांडल्या.

तुझा घोळ क्रमदर्शक रकान्यात आहे, जिथे आकडा फक्त क्रम सांगतो. हातापायांच्या विकृतीची श्रेणी बघ. ० म्हणजे बधिरता नाही, विकृतीही नाही. १ म्हणजे बधिरता आहे, पण वरून काही दिसत नाही. २ म्हणजे विकृती उघड दिसते. एक रुग्ण ० चा आणि एक २ चा, की तुझी सरासरी आली १. त्या दोघांत १ चा कोणीच नाही! आणि १ चा माणूस कोण, ठाऊक आहे? पाय धडधाकट दिसतो, पण चालताना चप्पल निसटली तरी त्याला कळत नाही, काटा रुतला तरी कळत नाही. त्याला आज मऊ रबराची चप्पल मिळाली, रोज तळवे तपासायची सवय लागली, तर पुढची जखम टळते. आनंदवनाच्या शेजारी वाढलेल्या मुलीला हे मी वेगळं सांगायला नको. तो माणूस सरासरीत हरवू देऊ नकोस. कोणत्या श्रेणीत किती जण, तेवढंच मोजून लिही.

जंतुनिर्देशांकाचंही तसंच. २+ म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या दहा क्षेत्रांत मिळून १ ते १० जंतू. ४+ म्हणजे एकेका क्षेत्रात १० ते १००. पायऱ्या दोनच, पण फरक शंभरपटीचा. गटांची तुलना करायचीच असेल तर मध्यक घे.

मूळ नोंदी खोडू नकोस. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर त्याची मापनश्रेणी लिही, मग तुझ्या सरांना दाखव. ते सरासरीच मागू लागले, तर ० आणि २ चे हे दोन रुग्ण त्यांच्यापुढे मांड.

तुझा,
मामा