दान पोचले पाहिजे

आपल्या गावात कधीच दान न केलेला माणूस सापडणे कठीण. सणाला, तेरवीला, भंडाऱ्याला आपण देतो. दारी आलेल्याच्या झोळीत पसाभर ज्वारी घालतो. उन्हाळ्यात पाणपोई लावतो. ही रीत चांगली आहे. ती मोडावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु दिले म्हणजे झाले, असे समजून थांबू नये. या पाठात आपण तीन गोष्टींचा विचार करू. आपण का देतो? दिलेले पोचते काय? आणि घेणाऱ्याला घेताना कसे वाटते?

पहिली गोष्ट : आपण का देतो?

कोणी दया येऊन देतो. कोणी पुण्य मिळावे म्हणून देतो. कोणी नाव व्हावे म्हणून देतो. चार लोक काय म्हणतील, या भीतीनेही कोणी देतो. बहुतेकांच्या मनात हे सारे मिसळलेलेच असते. मन अगदी शुद्ध होईपर्यंत हात आखडला, तर उपाशी माणूस उपाशीच राहील. नावासाठी का होईना, शाळेची खोली बांधली तर पोरांच्या डोक्यावर सावली येते.

पण नावाची हाव एक नुकसान करते. पैसा कुठे जावा, हे मग गरज ठरवत नाही, पाटी ठरवते. कमानीवर नाव दिसते. विहिरीचा गाळ काढला तर नाव कुठे लिहायचे? म्हणून गावोगाव कमानी उभ्या राहतात आणि गाळ तसाच राहतो.

आणखी एक ध्यानात ठेवा. मजुराची मजुरी बुडवून भंडारा घातला, तर ते दान नव्हे. तो मजुराचाच पैसा. आधी देणे फेडावे, मग दान करावे.

दुसरी गोष्ट : दिलेले पोचते काय?

आपला संग्रामपूर तालुका पाहा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा नदी. पूर्णेकाठचा खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. या पट्ट्यात पुष्कळ गावांच्या विहिरींचे पाणी खारे. मूत्रपिंडाचे रोगीही इकडे फार. आता समजा, कोणी वडिलांच्या नावाने पाणपोई घातली. मांडव घातला, रांजण मांडले, पाटी रंगवली. अन् रांजणात भरले खारे पाणी! वाटसरू चूळ भरील आणि तहानलेलाच पुढे जाईल. दान दिसले, पण पोचले नाही. मांडव नसला तरी चालेल. रोज दोन घागरी गोड पाणी आणून भरणारा माणूस पाहिजे.

मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला दवाखान्यात जावे लागते. दवाखाना दूर असतो. गाडीचे भाडे लागते आणि सोबतच्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते. अशा घरी एकदा फळांची करंडी नेऊन देण्यापेक्षा महिनाभराचे गाडीभाडे देणे मोलाचे. ज्याच्याजवळ पैसा नाही, त्याने पाळी लावून सोबत जावे. हेही दानच.

काय पाहिजे, हे घेणाऱ्याला विचारले म्हणजे अशी वाट सापडते.

मोठ्या कामातही हेच दिसते. १९५१ साली तेलंगणातील पोचमपल्ली गावी विनोबाजींनी जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर दिली. तेथून भूदान सुरू झाले. देशभर लाखो एकर जमीन मिळाली. कित्येक भूमिहीनांच्या पायाखाली स्वतःचे शेत आले. परंतु मिळालेल्या जमिनीत काही खडकाळ निघाली, काही वादात अडकली. ती कसणाऱ्याच्या हाती पोचली नाही. कागदावरचे दान पेरता येत नाही.

तिसरी गोष्ट : घेणाऱ्याची मान

संत गाडगेबाबा आपल्या वऱ्हाडातले. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे त्यांचा जन्म झाला. बाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत, गाव झाडीत, मगच भाकर मागत. फुकटची भाकर त्यांना गोड लागत नसे. कर्ज काढून सण आणि जेवणावळी करू नका, पोरांना शिकवा, असे ते कीर्तनात लोकांना सांगत.

पंढरपूरच्या वारीत अस्पृश्य म्हटलेल्या वारकऱ्यांना उतरायला कोणी जागा देत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. लोकांकडून पैसा गोळा केला, पण स्वतःसाठी घर बांधले नाही. १९४९ साली ही धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला दिली. ज्यांना दारात उभे करीत नसत, त्यांना हक्काचे छप्पर मिळाले. १९५६ साली बाबा गेले. धर्मशाळा मागे राहिल्या.

त्याच १९४९ साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती काढली. वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. कुष्ठरोग्याच्या हातात लोक नाणे टाकीत आणि तोंड फिरवीत. तेथे त्याच्या हाती काम आले. तो शेत पिकवू लागला.

यावर कोणी म्हणेल, "गुरुजी, मंग म्हाताऱ्याले अन् आजाऱ्याले बी काम सांगाव काय?"

नाही. ज्याचे हातपाय चालत नाहीत, त्याला काही अट न घालता द्यावे. लेकराला द्यावे. पुरात, आगीत घर गेलेल्याला आधी द्यावे, मग बोलावे. पण देताना चारचौघांत त्याचे नाव पुकारू नये. त्याला हात जोडून उभे करून फोटो काढू नये. आज तो घेतो आहे, उद्या आपल्यावर ती पाळी येईल.

वर्गणी मागायला आले तर?

देवळाची असो, मंडळाची असो, वर्गणी देताना पावती मागावी. पावती मागणे म्हणजे संशय घेणे नव्हे. सार्वजनिक न्यासांसाठी १९५० सालचा कायदा आहे. नोंदलेल्या न्यासाला हिशेब ठेवावा आणि तपासून घ्यावा लागतो. नोंदणी नसलेल्या मंडळाला लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. आता तुम्हाला वाचता येते. पावतीवरचे नाव आणि आकडा वाचा. वर्षाच्या शेवटी हिशेब चावडीवर लावा म्हणावे. प्रामाणिक माणूस रागावणार नाही. उलट त्याचे काम सोपे होईल.

दाणा नुसता मुठीतून सुटला म्हणजे पेरणी होत नाही. तो ओल्या मातीत पडला पाहिजे. दानाचेही तसेच आहे.

प्रश्न

१. नावासाठी केलेल्या दानाने कोणता फायदा होतो? कोणते नुकसान होते?
२. आपल्या गावात मागील वर्षी कशाकशासाठी वर्गणी झाली? तिचा हिशेब कोणी पाहिला?
३. आपल्या गावात आज सर्वांत जास्त गरज कोणाला आहे? त्याला काय पाहिजे, हे त्याच्या घरी जाऊन विचारा आणि वहीत लिहा.