खटला पंढरपुरात की लंडनला? करारातली ती एक ओळ

बिलबुकाच्या तळाशी आपण छापतो ना, "सर्व वाद पंढरपूर न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात", त्यावरच्या व्हिडिओखाली एका बागायतदाराने विचारलं, "सर, माझी द्राक्षं बाहेर जातात. समोरच्याने तिकडेच केस टाकली तर आपलं कोर्ट ती थांबवेल का?"

मुंबईतलंच प्रकरण बघा. 2000 साली केनियात आयसीसी नॉकआउट क्रिकेट स्पर्धा झाली. ती दूरदर्शनवर दाखवायचे हक्क मोदी एंटरटेनमेंटने डब्ल्यूएसजी क्रिकेट या सिंगापूरच्या कंपनीकडून घेतले. करारात लिहिलं होतं, कायदा इंग्लंडचा, कोर्टही इंग्लंडचं. दोघांतलं कोणीच तिथलं नाही! पुढे पैशावरून बिनसलं. मोदी कंपनीने मुंबई हायकोर्टात भरपाईचा दावा लावला, समोरच्यांनी ठरलेल्या रकमेसाठी इंग्लंडमध्ये. "तिकडचा खटला थांबवा, आम्हाला गैरसोय होते," असं मोदी कंपनीचं म्हणणं.

एका न्यायाधीशांनी थांबवला, दोन न्यायाधीशांच्या बेंचने तो आदेश उठवला, आणि 2003 मध्ये सुप्रीम कोर्टाने बेंचचंच म्हणणं कायम केलं. कारण साधं आहे. सही करताना लंडन लांब आहे हे माहीत होतंच की! तटस्थ कोर्ट तुम्हीच निवडलंत, मग आता नको म्हणायला भक्कम कारण तुम्हीच दाखवायचं. गंमत म्हणजे त्या करारात 'फक्त इंग्लंड' असंही नव्हतं, मुंबईत दावा लावायला मनाई नव्हती. तरी तिकडचा थांबला नाही.

करारच नसेल तर? मग साक्षीदार, कागदपत्रं, घटनेची जागा कुठे, हे तोललं जातं. भोपाळ दुर्घटनेचे अमेरिकेतले दावे 1986 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने याच मुद्द्यावर भारताकडे पाठवले. भारत सरकारलाच ते तिकडे चालायला हवे होते, तरीही.

"मी तिकडे जाणारच नाही, काय करतील?" असंही काहीजण म्हणतात. इंग्लंड, सिंगापूर आणि 2020 पासून यूएई, इथल्या वरिष्ठ कोर्टांचा पैशाचा हुकूमनामा, ठरावीक अपवाद सोडले तर, थेट आपल्या जिल्हा न्यायालयात वसुलीला लावता येतो. म्हणजे बाग, दुकान, बँक खातं, सगळं आलं. तेव्हा खरेदीदाराचा करार ईमेलवर आला की शेवटची दोन पानं आधी उघडा. 'ज्युरिस्डिक्शन' हा शब्द तिथेच असतो. नको असेल तर सहीआधी बदलून मागा, आणि वकिलाला एकदा दाखवाच.