मधली जोडी : पैसे भरावेत की पाने टाकावीत?

चेन्नईच्या पश्चिम मांबलमसारख्या जुन्या वस्त्यांतील घरांतून वैकुंठ एकादशीच्या रात्री जागरणासाठी परमपदसोपानाचा पट मांडण्याची रीत आहे. आपल्याकडील मोक्षपटाचाच तो भाऊबंद. दान पडेल तितकी घरे पुढे जावयाचे. शिडी लागली तर वर, साप लागला तर खाली. खेळणाऱ्याने निर्णय म्हणून काही घ्यावयाचाच नसतो. पोकरमध्येही पाने दैवच वाटते. परंतु ती हाती आल्यानंतर प्रत्येक वळणावर एक प्रश्न उभा राहतो : समोरच्याने लावले तितके भरून डावात राहावे, की पाने टाकून मोकळे व्हावे? एक्क्यांची जोडी हाती असली तर फारसा विचार करावा लागत नाही. दुर्री आणि सत्ती असली तरीही नाही. खरी पंचाईत होते ती मधल्या मोलाच्या जोडीने.

तीन पत्ती खेळणाऱ्यांच्या ‘चाल’ आणि ‘पॅक’ या शब्दांचा मोह अनुवाद करताना मला झाला होता. परंतु चालीत फिरून आपल्या पाळीला पैसे टाकण्याची कल्पना आहे, आणि येथे दुसऱ्याच्या रकमेची बरोबरी करावयाची असते. म्हणून या प्रकरणात ‘भरणे’ आणि ‘टाकणे’ एवढेच साधे शब्द योजले आहेत.

खेळाची मांडणी थोडक्यात अशी. प्रत्येकास दोन पाने झाकून मिळतात. मग मध्यभागी प्रथम तीन, नंतर एक आणि शेवटी एक अशी पाच पाने उघडली जातात, ती सर्वांची. या सात पानांतून उत्तम पाच निवडावयाची. प्रत्येक टप्प्यावर रक्कम लावता येते.

आता समजा, अयोध्या मंडपाजवळच्या एखाद्या घराच्या गच्चीवर चार शेजारी बसले आहेत. पैशांऐवजी चिंचोके आहेत. आपल्या हाती इस्पिक आणि चौकट या रंगांच्या अठ्ठ्या आल्या. जोडी आली म्हणून मनुष्य हरखतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु मध्यभागी पहिली तीन पाने पडतील तेव्हा तिसरी अठ्ठी येण्याची शक्यता शेकडा 12 हूनही किंचित कमी, म्हणजे साधारण साडेआठ वेळांत एकदा. उलट अठ्ठीहून मोठे असे एक तरी पान त्या तिघांत येण्याची शक्यता शेकडा 87 च्या घरात आहे. राण्यांच्या जोडीला हे भय शेकडा 41 वेळाच असते. मधली जोडी ‘मधली’ का, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

तीन पाने उघडली : बदामचा राजा, किलवरची छक्की, चौकटची तिर्री. डावात 100 चिंचोके जमले आहेत. दोघांनी पाने टाकली. उरलेल्या गृहस्थांनी 50 चिंचोके पुढे सरकवले. त्यांच्याजवळ राजा आहे काय?

पाने पाहून पाहू. न दिसलेली 47 पाने. त्यांत तीन राजे. कोणतीही दोन पाने घेतली तर अशा 1081 जोड्या होतात, आणि त्यांपैकी 135 जोड्यांत राजा असतो. म्हणजे आठांत एकदा. हा आकडा ऐकून पुष्कळांना धीर येतो आणि येथेच ते फसतात. समोरच्या गृहस्थांची पाने ‘कोणतीही दोन’ नाहीत. ज्या पानांवर त्यांनी आरंभी चिंचोके भरले आणि आता आणखी लावले, ती ही पाने आहेत. जो मनुष्य तासभर मुकाट बसून पाने टाकत आला, त्याने पुढे केलेल्या 50 चिंचोक्यांत राजा असण्याचा संभव मोठा. जो प्रत्येक डावात हात घालतो त्याच्या बाबतीत लहान. गणित आपल्याला पाया देते, त्यावर भिंत निरीक्षणाने उभी करावी लागते.

50 भरले तर एकूण 200 होतील; म्हणजे चारांत एकदा जिंकलो तरी नुकसान नाही. राजा असेल तर आपल्याला आधार दोनच अठ्ठ्यांचा. उरलेल्या दोन पानांत त्यांपैकी एक तरी येण्याची शक्यता शेकडा 8.4. राजा नसेल आणि ते नुसताच आव आणत असतील, तर आपण पाचांपैकी सुमारे चारदा जिंकू. हे दोन्ही एकत्र केले की उत्तर येते : समोरचा चारांत एकदा जरी पोकळ आव आणत असेल, तर भरण्यास हरकत नाही.

बहुतेक नवशिके येथे थांबतात. वस्तुतः आणखी दोन टप्पे उरले आहेत. ते गृहस्थ पुढेही डावाच्या निम्मी रक्कम लावत गेले, तर पुढच्या पानावर 100 आणि शेवटच्या पानावर 200 भरावे लागतील. आपले एकूण 350 जातील आणि अखेरचा डाव 800 चा असेल. आता चारांत एकदा जिंकून भागत नाही. शेकडा 44 वेळा जिंकावे लागते. त्यासाठी तिन्ही वेळा लावणारा समोरचा मनुष्य जवळजवळ निम्म्या वेळा पोकळ असला पाहिजे. तीन टप्पे नेटाने खोटे बोलणारी माणसे असतात, परंतु फार नसतात. पहिले 50 हे भाड्याच्या घराची अनामत आहे. ती भरताना पुढील महिन्यांचे भाडे विचारात घ्यावेच लागते.

चिंचोक्यांच्या जागी पगार आला की हा हिशेब नुसता करमणुकीचा राहत नाही. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरवला आणि तीन पत्त्यांचा फ्लश त्यातून वगळला. कर्जबाजारीपणाच्या व आत्महत्यांच्या बातम्यांनंतर तमिळनाडूने 2022 मध्ये केलेल्या कायद्याने रमी आणि पोकर दैवाच्या खेळांत घातले. नोव्हेंबर 2023 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेवढा भाग रद्द केला. 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवरच बंदी घातली. पोकरात कौशल्य आहे हे वरील हिशेबावरून वाचकाच्या ध्यानी आलेच असेल. परंतु हे कौशल्य शेकडो डावांच्या सरासरीत दिसते. एका रात्रीत ते दिसेलच असे नाही, आणि घरभाडे सरासरीने भरता येत नाही.

गच्चीवरच्या डावाकडे परत येऊ. गृहस्थ मोकळ्या हाताने खेळणारे आहेत असे समजून आपण पहिले 50 भरले. पुढचे पान पडले किलवरची चौकी. आपल्याला काही लाभ नाही. त्यांनाही बहुधा नाही. त्यांनी 100 चिंचोके मोजून, दहा-दहांच्या राशी करून, घाई न करता पुढे ठेवले. आधीचे 50 त्यांनी मुठीने लोटले होते. अशा वेळी अठ्ठ्या खाली ठेवाव्यात, पालथ्याच. त्यांच्या हाती राजा होता की नाही हे ते सांगणार नाहीत, आणि आपण विचारूही नये. पुढचा डाव वाटला जात असतो.