७८३ म्हणजे काय?

हात न हलवता तो हलवल्याची नुसती कल्पना केली, तरी मेंदूच्या विद्युतलहरी बदलतात. या कल्पनेला 'मोटर इमेजरी' म्हणतात आणि त्या लहरी ओळखून यंत्र चालवता येतं. आमच्या मिनी प्रोजेक्टचा विषय हाच. (मी पडले कॉन्व्हेंटची, तेव्हा मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.)

डेटा एका सीनियरने पेनड्राइव्हवर दिला. 'बीसीआय कॉम्पिटिशन ४' या २००८ च्या स्पर्धेतला '२ए' हा संच, ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रविद्यापीठाचा. नऊ माणसं, प्रत्येकाच्या दोन फायली. सोबत माहितीपत्रक नव्हतं, आणि ते हवं असं आम्हा तिघींपैकी एकीलाही वाटलं नाही. ७६९ ते ७७२ हे कोड म्हणजे डावा हात, उजवा हात, पाय आणि जीभ, एवढं ऐकून माहीत होतं. शिवाय एक ७८३ दिसत होता. आम्ही सरळ पाच वर्ग धरले, अठरा फायली एकत्र केल्या आणि प्रोग्रॅम चालवला. निकाल झकास!

रिव्ह्यूत सरांनी विचारलं, "७८३ म्हणजे काय?"

मी ठोकून दिलं, "विश्रांती, सर."

"कुठे लिहिलंय ते पुढच्या वेळी दाखवा."

त्या रात्री मेस चुकली. नेटवर ७८३ शोधलं तर लोकांचे प्रोग्रॅमच मिळाले, एकाने दुसऱ्याचे उतरवलेले. शेवटी डोकं चाललं. डेटा ज्यांनी दिला, त्यांच्याच दारात जावं! स्पर्धेच्या मूळ साइटवर प्रत्येक संचाचं वर्णनपत्रक आहे, मोजक्या पानांचं.

त्यात उलगडा झाला. फाइलच्या नावातला 'टी' म्हणजे सरावाची फाइल, 'ई' म्हणजे परीक्षेची. परीक्षेच्या फाइलमध्ये उत्तरं झाकायची होती, म्हणून तिथल्या प्रत्येक खुणेवर ७८३, म्हणजे 'अज्ञात'. प्रत्येक फाइलमध्ये ४८ चाचण्यांच्या सहा फेऱ्या, म्हणजे २८८ चाचण्या. दोन्ही फायली जोडल्या की निम्म्या चाचण्या ७८३ च्या. डोळे मिटून कायम '७८३' म्हणणारा प्रोग्रॅमसुद्धा ५० टक्के बरोबर ठरेल! खरे वर्ग चार, तिथे नुसत्या अंदाजाने २५ टक्केच मिळतात. आमचा झकास निकाल आला होता तो इथून.

आणखी एक. २५ चॅनेलपैकी मेंदूचे २२, शेवटचे तीन डोळ्यांच्या हालचालींचे, म्हणजे ईओजी. हे तीन वर्गीकरणाला वापरायचे नाहीत, असा पत्रकात स्पष्ट नियम. आम्ही पंचवीसच्या पंचवीस घातले होते. फाइलच्या हेडरमध्येही त्यांची नावं आहेत, पण हेडर उघडतो कोण?

फिजिओनेटचा १०९ माणसांचा संच घेणार असाल तर तिथेही जपून. त्यात 'टी१' ही खूण काही फेऱ्यांत डावी मूठ सांगते, तर काहींत दोन्ही मुठी. शिवाय काही फेऱ्यांत हालचाल खरी, काहींत कल्पनेतली. फेरीचा क्रमांक पाहिल्याशिवाय काहीच कळत नाही, आणि ते कोष्टक संचाच्या मुख्य पानावरच आहे.

असो. झाकलेली उत्तरं स्पर्धेनंतर वेगळ्या फायलींत दिली आहेत. ती जोडून चार वर्गांवर पुन्हा चालवलं. निकाल चांगलाच उतरला. पुढच्या रिव्ह्यूत सरांपुढे पत्रकाचं पान ठेवलं आणि 'विश्रांती' मी मनानेच सांगितली होती, हेही सांगून टाकलं. सरांनी पान वाचलं, परत दिलं.

"ईओजी काढलेत?"

काढले होते.