नराच्या नावाने वही

आमचा पांढरा यॉर्कशायर डुक्कर, नर, बघायला देखणा होता. लांब पाठ, भरलेली मांडी, खाण्याची कुरकुर नाही. मादी माजावर आली की लगेच तयार. पण त्याच्यापासून पिल्लं व्हायची चार, पाच, फार तर सहा. आधीच्या नरापासून याच माद्या नऊ-दहा द्यायच्या. "नर बरो आसा तुझो, खोट माद्यांत आसा," शेजारचे काका म्हणाले, आणि मलाही तेच पटलं. नाताळच्या तोंडावर तीन चांगल्या माद्या मी कापायला विकल्या. ती चूक अजून सलते.

नव्या माद्यांचंही तेच झालं, तेव्हा कुठे डॉक्टरांना गाठलं. आमच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यातल्या उकाड्याने नराचं वीर्य खालावतं, पावसात उंदरांच्या मुतातून लेप्टोचा रोग येतो, पार्व्हो विषाणूने वाळलेली पिल्लं पडतात. यातलं काहीच निघालं नाही. मग नराचं रक्त हेपरिनच्या नळीत, न गोठवता, प्रयोगशाळेत गेलं. तिथे पांढऱ्या पेशी तीन दिवस वाढवतात, विभागणी मध्येच थांबवतात आणि गुणसूत्रांच्या जोड्या लावून बघतात.

डुकराची गुणसूत्रं 38. आमच्या नराचीही 38च भरली. फक्त दोन गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलले होते. डॉक्टरांनी सातबाऱ्यावरून समजावलं. दोन सातबाऱ्यांतले तुकडे अदलाबदल झाले तरी सगळं एकाच मालकाकडे असेतोवर जमीन तेवढीच. वाटणी झाली की एका मुलाकडे एक तुकडा दुप्पट जातो, दुसरा जातच नाही. वीर्य बनताना अशीच वाटणी होते, आणि असा चुकीचा वाटा मिळालेले गर्भ पहिल्या काही आठवड्यांतच मरतात आणि गर्भाशयात जिरून जातात. गाभडल्याचं दिसतसुद्धा नाही. गर्भ फारच थोडे उरले तर मादी उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते. नर मात्र धडधाकट राहतो, म्हणून संशय मादीवर जातो. 1964 मध्ये स्वीडनमध्ये असाच एक नर सापडला होता. फ्रान्समध्ये तुलूझला तरुण नर रेतनाला वापरण्याआधीच तपासतात, आणि साधारण दोनशेत एक असा निघतो.

म्हणून कळकळीने सांगतो, प्रत्येक वेताची नोंद मादीच्या नावाने ठेवता तशी नराच्याही नावाने ठेवा. तारीख, जिवंत किती, मेलेली किती, वाळलेली किती. एकच मादी कुठल्याही नरापासून कमी देत असेल तर मादी बघा. एकाच नरापासून चार-पाच माद्या कमी देत असतील आणि दुसऱ्या नरापासून त्याच भरभरून देत असतील, तर नर थांबवा, रक्त तपासा. नर विकत घेताना त्याच्या बापाच्या वेतांचे आकडे मागा, अंगकाठीवर जाऊ नका. कृत्रिम रेतन करत असाल तर जास्तच जपा, कारण एका नराचं वीर्य कितीतरी गोठ्यांत पोचतं.

आणि अशा नराची पिल्लं पैदाशीला देऊ नका. जगलेल्यांतली निम्मी हाच दोष घेऊन येतात, दिसायला बापासारखीच देखणी. मी दोन नर-पिल्लं आधीच विकली होती. कुडाळच्या गिऱ्हाइकाला फोन केला, त्याने आपलं पिल्लू वेळीच खच्ची केलं. दुसरं आठवडी बाजारात रोखीने गेलं. घेणाऱ्याचं नाव मी विचारलं नव्हतं.